ताजबीचा हिरवा डबा

जळगावच्या मेहरूणमध्ये मुख्तार बावर्चीला ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही, आणि ज्याच्यावर त्याने कधी संशय घेतला नाही असाही नाही. लग्नाच्या मोठाल्या देगा चुलीवर चढवणारा माणूस. मिरची घेणार ती अख्खी, चक्कीवर स्वतः उभा राहून दळून आणणार, आणि दळण चालू असताना तिखटाकडे न बघता चक्कीवाल्याच्या हातांकडे बघत राहणार. हळद तळहातावर चोळणार, हात धुणार, मग उजेडात धरून रंग बघणार. बाजारात सातपुड्याच्या पायथ्याहून पालेभाजी घेऊन येणारी सोनीबाई तर तो दिसला की टोपलीवर फडकंच ओढायची.

"कोथमीर शे भाऊ, साप नही शे. इतला काय वास लेतस?" असं ती म्हणायची. तो ऐकून घ्यायचा आणि पुन्हा एकदा वास घ्यायचा.

लोक हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं? त्यांनी कधी अख्ख्या वरातीचं जेवण शिजवलेलं नसतं. पाहुण्याने स्टँडवरचा बर्फाचा गोळा खाऊन पोट बिघडवून घेतलं तरी शिवी बावर्चीलाच बसते. मुख्तार तरुण असताना जामनेरच्या एका लग्नात भेसळीच्या तेलाने अर्धी वरात आडवी झाली होती. तेल विकणारा नामानिराळा राहिला, आणि मुलीच्या बापाने भर मांडवात गचांडी धरली ती मुख्तारची. त्या दिवशी त्याच्या डोक्यात जो किडा शिरला तो कायमचा राहिला.

धंद्यापुरता राहिला असता तर ठीक होतं. पण हा किडा चपला काढून त्याच्याबरोबर घरातही आला. मेहुणीच्या घरी पाण्याचा पेला पुढे आला तरी मुख्तार आधी तो हुंगायचा, आणि त्याची बायको ताजबी मान खाली घालून बसायची. संसाराच्या सुरुवातीला ती यावरून रडली होती, नंतर भांडली, आणि मग तिने हात टेकले. तिचा नवरा वाईट नव्हता. जी गोष्ट त्याच्या परीक्षेत एकदा उतरली ती त्याच्या लेखी कायमची पास, एवढं तिला कळलं होतं. ताजबीला रक्तदाबाचा त्रास सुरू झाला तेव्हा डॉक्टरांनी रोज सकाळी घ्यायची गोळी दिली. मुख्तारने ती आधी दाताने तोडून चाखली, तोंड वाकडं करून थुंकली, मग आणखी एका डॉक्टरला दाखवून आला. दोघांचं एकच उत्तर आल्यावर गोळी पास झाली. त्यानंतर इतकी वर्षं त्याने त्या पाकिटाकडे वळूनही बघितलं नाही.

आणि मग दानिश हिरवा डबा घेऊन आला.

दानिश म्हणजे ताजबीच्या बहिणीचा मुलगा. आधी मोबाइलच्या दुकानात होता, आता तब्येतीच्या वस्तू विकायला लागला होता. मुलगा सरळ होता, पण फार गोड बोलायचा, आणि गोड बोलणं मुख्तारच्या परीक्षेत कधीच पास झालं नव्हतं. त्याने डबा ताजबीसमोर ठेवला. त्यावर शेवाळाचं चित्र होतं, आणि खाली लिहिलं होतं, 'शेवाळाच्या प्रथिनातून काढलेले अँटिऑक्सिडंट पेप्टाइड.'

"खाला, हे पाण्यात ढवळून घ्यायचं," दानिश म्हणाला. "अशक्तपणा जातो. रक्तदाबाला चांगलं, साखरेला चांगलं, म्हातारपण लांब राहतं. पण डॉक्टरची गोळी सोडायची नाही हं. ती चालू ठेवायची."

"शेवाळ म्हणजे तळ्यात असतं ते?" मुख्तारने विचारलं.

"तसंच, खालू. पण हे टाक्यांमध्ये वाढवतात. स्वच्छ पाण्यात."

"तू बघितल्यास टाक्या?"

दानिशने व्हिडिओ बघितला होता. झालं. मुख्तारच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून. घरापासून हाकेच्या अंतरावर मेहरूणचा तलाव, आणि उन्हाळ्यात त्याच्या कडेला चांगला जाड हिरवा थर धरतो. तो खरवडायचा, वाळवायचा, डब्यात भरायचा, वर रंगीत कागद चिकटवायचा. यात अवघड ते काय?

दोन-चार दिवसांनी त्याला तलावाकाठी दानिशची स्कूटर दिसली. मुख्तार लगबगीने एका गाडीआड उभा राहिला आणि डोळ्यांत तेल घालून बघू लागला. दानिशने बाकावर बसून वडापाव खाल्ला, तेलकट कागद नीट घडी करून कचरापेटीत टाकला आणि निघून गेला. कागद कचरापेटीत टाकणारा माणूस मुख्तारला आणखीनच संशयास्पद वाटला.

इकडे ताजबी रोज सकाळी पेलाभर हिरवं पाणी पीत होती. वर सांगत होती की बरं वाटतंय, पायांत बळ आलंय. पहाटेची फजरची नमाज झाली की ती तलावाला फेरी मारायला जाऊ लागली. मुख्तारने एकदा नुसतं "त्या पोराचं काय खरं" एवढं म्हटलं, तर ती ताडकन म्हणाली, "माझ्या माहेरचं काही तुम्हाला कधी आवडलंय का?" आणि आवडलं नव्हतंच.

तेव्हा त्याने थोडी पूड कागदाच्या पुडीत बांधली आणि धुळ्याची बस धरली. त्याची मुलगी निलोफर धुळ्याच्या देवपूर भागात राहायची. तिथल्या एका कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची, आणि तिने संशोधन केलं होतं ते नेमकं शेवाळातल्या प्रथिनांवर. बाप याबद्दल चारचौघांत अभिमानाने बोलायचा, पण मुलगी नक्की काय करते ते त्याने कधी विचारलं नव्हतं. मुलगी पास होती.

निलोफरने पूड हातावर घेतली, हुंगली आणि हसली. "तुमच्यासारखंच करते बघा."

"तलावातली आहे का?"

"नाही, अब्बा. खाण्याचं शेवाळ वेगळं, ते टाक्यांत वाढवतात हे खरं आहे. त्यात प्रथिन भरपूर असतं."

"मग हे पेप्टाइड काय?"

ती म्हणाली, "तुम्ही मटणाला कच्ची पपई लावता. मटण नरम का पडतं? पपईच्या चिकात प्रथिन कापणारं द्रव्य असतं, ते लांब साखळीचे तुकडे करतं. शेवाळातल्या प्रथिनाचेही तसेच तुकडे करतात. ते बारीक तुकडे म्हणजे पेप्टाइड."

"आणि ते दुसरं? अँटि?"

"तेल उघडं राहिलं की हवेने खवट होतं ना? शरीरातही सारखं तसलंच काही चालू असतं, आणि त्याने पेशी खराब होतात. यातले काही तुकडे ते खवटणं अडवतात. प्रयोगाच्या नळीत अडवतात हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. उंदरांवर चांगलं दिसलंय. माणसांवरचे प्रयोग मात्र थोडे आणि लहान. काही तुकड्यांनी रक्तदाब किंचित उतरतो असंही दिसलंय. पण पोटात गेल्यावर तेही पचतात, मोडतात. रक्तापर्यंत किती पोचतात ते अजून धड कुणाला सांगता येत नाही. आणि तुमच्या या पुडीत खरोखर तुकडे आहेत, की नुसतं वाळवलेलं शेवाळ, ते तपासल्याशिवाय मीही सांगणार नाही."

"म्हणजे खोटं आहे."

"खोटं नाही, अब्बा. पण औषधही नाही."

असलं उत्तर मुख्तारला सहन होत नसे. तेल एकतर चांगलं असतं नाहीतर वाईट असतं. मधलं तेल त्याने आयुष्यात कढईत ओतलं नव्हतं. तो पुन्हा पुन्हा खोदून विचारू लागला, कशाने कापतात, कोण कापतं, ते कापायचं द्रव्य कुठून आणतात.

"कधी पपईचं असतं, कधी जिवाणूंपासून केलेलं," निलोफर म्हणाली. "पेप्सिन वापरलं असेल तर ते बहुतेक डुकराच्या जठरातून काढतात. डब्यावर काही लिहिलंय का?"

कशाने कापलं ते डब्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. मुख्तारच्या पायाखालची वाळू सरकली.

"लिहिलं नाही म्हणजे तेच असेल असं नाही," मुलगी घाईघाईने म्हणाली. "कंपनीला विचारता येईल. मी पत्र लिहिते. आणि अम्मीशी सरळ बोला, नाहीतर मी फोन करते. तिची गोळी चालू आहे ना?"

"गोळी काय, रोजची आहे ती," मुख्तार म्हणाला. त्याचं लक्ष नव्हतं. "तू फोन करू नकोस. मी बघतो."

परतीच्या वाटेवर पारोळा कधी गेलं, एरंडोल कधी गेलं, त्याला कळलं नाही. पाचही वक्ताची नमाज पढणारी बाई. रोजा आजारपणातही सोडताना हिच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिला कसं सांगायचं की तू इतके दिवस कदाचित हे पीत होतीस? 'कदाचित' हा शब्द तिला रात्रंदिवस पोखरत राहिला असता. आणि तिच्या सख्ख्या भाच्याने आणून दिलं म्हणून बहिणीशीही वाकडं आलं असतं. सांगायचं नाही, आणि एक चमचाही आणखी तिच्या पोटात जाऊ द्यायचा नाही. बस जळगावात शिरेपर्यंत त्याने तोड काढली होती.

दुसऱ्या दिवशी सोनीबाईकडून त्याने शेवग्याचा पाला घेतला, मेथी घेतली, पुदिना घेतला. "आज वास नही लिधा?" तिने चकित होऊन विचारलं. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गच्चीवर पत्र्याच्या सावलीत त्याने सगळं दिवसभरात वाळवलं, कुटलं, मलमलीतून गाळलं. मूळ पुडीला माशासारखा एक वास होता, तो यायला चिमूटभर सुका बोंबील भाजून घातला. रंग जुळेपर्यंत मेथी वाढवली. मग दोन्ही पुडी जिभेवर ठेवून, डोळे मिटून त्याने चाखल्या. त्याला स्वतःलाही फरक कळेना. पुढच्या पहाटे ताजबी तलावावर गेली होती. तेवढ्यात त्याने डबा रिकामा केला, धुतला, पुसला आणि आपली पूड भरली. जन्मभर दुसऱ्यांची भेसळ शोधणारा माणूस घरच्या ओट्याशी उभा राहून भेसळ करत होता, आणि खरं सांगायचं तर त्याला फार छान वाटत होतं.

ताजबी आली, तिने पूड पाण्यात ढवळली, पेल्यात जरा वेळ बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. आणि प्याली.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

"नेहमीसारखी," ती म्हणाली.

पुढचे दिवस मुख्तारला भारी गंमत वाटत होती. ताजबीचा चेहरा आणखी उजळला. जिने चढताना ती थांबेना. शेजारणींना सांगायला लागली की या डब्याने मला माणसात आणलं, आणि त्या ऐकून दानिशकडे डबे मागवायला लागल्या. मुख्तार मनातल्या मनात हसायचा. बघा, शेवग्याच्या पाल्याने बाई ठणठणीत होते आणि नाव पेप्टाइडचं. म्हणजे सगळा मनाचा खेळ होता, त्याचा संशय पहिल्यापासून खरा होता. डबा संपत आला की दानिश नवीन आणायचा, आणि पुढच्या सकाळी मुख्तार त्याचीही तीच गत करायचा. निलोफरने फोनवर विचारलं की तो म्हणायचा, "मिटवलं मी. तू काळजी करू नकोस." कंपनीकडून तिच्या पत्राला उत्तर आलं नव्हतं, आणि तिला वाटलं, बाप आईशी बोलला.

एका सकाळी ताजबी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती. मुख्तार दारात बसून कांदे निवडत होता. भाकरीची थपथप एकदम थांबली. त्याने वळून बघितलं तर तिचा डावा हात परातीत तसाच पडला होता आणि ती त्या हाताकडे, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे, अशी बघत होती. तिने काही सांगायला तोंड उघडलं. शब्द निघाले, पण अर्थ लागेना. ओठ एका बाजूला ओढला गेला होता.

रिक्षात तिला धरून बसताना मुख्तारला आठवत असलेली प्रत्येक दुआ तो म्हणत होता. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तातडीने आत घेतलं. बऱ्याच वेळाने एक डॉक्टर बाहेर आल्या. "वेळेत आणलंत म्हणून बरं. पक्षाघाताचा झटका सौम्य आहे, बोलणं परत येईल. हाताला वेळ लागेल. रक्तदाब भयंकर चढला होता. गोळी बंद होती का?"

"नाही, रोज घेते."

"घेत नव्हत्या," डॉक्टर म्हणाल्या. "आत मी विचारलं. मानेनेच सांगितलं त्यांनी. बरेच दिवस बंद आहे."

तेवढ्यात बातमी ऐकून दानिश धावत आला, आणि मुख्तारने त्याची गचांडीच धरली. भर व्हरांड्यात. बाकांवरची माणसं उठून उभी राहिली. "तुझ्या शेवाळाने केलं हे. तुझ्या त्या डब्याच्या नादाने तिने गोळी सोडली. फसवलंस तू तिला."

दानिशने त्याचा हात झटकला नाही. "खालू, मी दर वेळी सांगायचो, गोळी सोडू नका. डब्यावरही लिहिलंय, हे औषध नाही म्हणून."

दुपारी निलोफर धुळ्याहून पोचली. आईला बघून बाहेर आली, डोळे पुसले आणि बापाच्या शेजारी बसली. "डबा घरी आहे ना? द्या माझ्याकडे. आमच्या प्रयोगशाळेत तपासते. त्यात काय आहे ते कळलंच पाहिजे."

"आजच न्या, आपा," दानिश म्हणाला. "त्यात वाईट काही निघालं तर मी पोलिसांत स्वतः जाईन. मी किती घरांत दिलंय ते."

मघापासून मुख्तारच्या अंगात जो राग उसळत होता तो एकाएकी कुठे गेला ते त्याला कळलं नाही. त्याला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली. गप्प राहिलं तर निलोफरच्या नळीत बोंबील निघणार होता. त्याहीआधी या पोराला, ज्याच्या पुडीचा एक कणही त्या डब्यात नव्हता, सगळी वस्ती गुन्हेगार म्हणणार होती, आणि सुरुवात खुद्द त्याने करून दिली होती. तो उठला आणि आत गेला.

ताजबी उशीला टेकून होती. तोंड बरंच सरळ झालं होतं. बोलणं जड होतं, पण आता कळत होतं.

"मला काही सांगायचंय," मुख्तार म्हणाला. "तो डबा..."

"मालूम है," ताजबी म्हणाली.

तो खाटेजवळ सरकला.

"दानिशच्या पुडीच्या गुठळ्या व्हायच्या," ती एकेक शब्द जुळवत म्हणाली. "चमच्याने मोडाव्या लागायच्या. एका दिवशी एकही गुठळी नाही. वस्त्रगाळ. इतकं बारीक या घरात दुसरं कोण करतं?"

"मग प्यालीस कशाला? विचारलं का नाहीस?"

"तुम्ही लपवत होतात. म्हटलं, लपवू द्या." ती थांबली, श्वास घेतला. "तुम्ही माझ्या बहिणीच्या घरचं पाणी हुंगून पिता. कुणाचं काही तुम्हाला चालत नाही. तुम्ही स्वतःच्या हाताने मला काही देताय, तर ते किती ठिकाणी विचारून, किती खात्री करून आणलं असेल. निलोफरकडे जाऊन आला होतात. मला वाटलं, तिने सांगितलेलं खरं औषध आहे. म्हणून गोळी सोडली."

मुख्तार खाटेच्या कडेला बसला. आयुष्यभर त्याने जगावर संशय घेतला होता, आणि त्या संशयाच्या भरवशावर ही बाई डोळे झाकून चालत होती, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्याने कसंबसं तिला निलोफरने सांगितलेलं सांगितलं. डब्यात कदाचित काय असेल ते, आणि तिला दुःख होईल म्हणून आपण गप्प कसे राहिलो ते.

"मग सांगायचं मला," ताजबी म्हणाली. "मी फेकून दिला असता." मग तिने विचारलं, "तुमच्या पुडीत काय होतं?"

"पाला," तो म्हणाला. "नुसता पाला."

तिचे ओठ सुकले होते. मुख्तारने टेबलावरच्या जगमधून पेल्यात पाणी ओतलं, तिच्या मानेखाली हात घातला आणि पेला तिच्या तोंडाशी नेला. ताजबीने तोंड फिरवलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "निलोफरला पाठवा. ती देईल."

मुख्तारने पेला खाली ठेवला आणि तो दारापर्यंत गेला. व्हरांड्यात निलोफर आणि दानिश एकाच बाकावर बसले होते. "अम्मीला पाणी पाज," तो मुलीला म्हणाला. ती आत गेल्यावर तो तिच्या जागी बसला, आणि दानिशला सांगायला लागला.